मानाची खुर्ची आणि धारणीचा फेरा

ज्यांना आपल्या स्वभावाचे खरे नाव उतारवयाकडे झुकताना कळते आणि ते कळल्यावर घरातील माणसेच परकी वाटू लागतात, अशांना उपयोग व्हावा या हेतूने खालील मजकूर मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता लिहीत आहे.

मी अर्जनवीस आहे. भातकुलीच्या तहसील आवारात पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले, पुढे गणिताने अडवले. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या चुकीसाठी परत आल्याचे कोणी दाखवून द्यावे. लोक मला बाबूजी म्हणतात. माझी एक शिस्त आहे. अर्ज पूर्ण झाला की तो अर्जदारास पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. दुसरे अर्जनवीस 'वाचून दाखविले, कबूल आहे' एवढी ओळ खाली टाकतात आणि मोकळे होतात. मी ती ओळ खोटी लिहू शकत नाही.

तोंड बंद पडले

त्या साली बोंडअळीने कपाशी आतून खाल्ली. बोंड बाहेरून हिरवे दिसे, फोडले की आत काळे. नुकसानीचे अर्ज देण्यासाठी गावेच्या गावे आवारात उतरली. त्यातच कोणीतरी भोंगा लावून सूचना सांगू लागले आणि जनरेटर अगदी माझ्या पाठीशी आणून ठेवला.

मी एका बाईचा अर्ज वाचून दाखवत होतो. मागच्याने हात घालून तो कागद ओढला आणि म्हणाला, "बाबूजी, वाचाचं काय काम हाये? अंगठा घ्या न, लाइन लय मोठी हाये."

कागद फाटला. मी त्याला दोन शब्द सुनावणार होतो. शब्द डोक्यात तयार होते, क्रमाने उभे होते, पण तोंडातून एकही बाहेर येईना. मी कान दाबून टेबलाखाली बसलो. एवढी वर्षे त्या टेबलामागे ताठ बसलेला माणूस टेबलाखाली बसला.

माझ्या शेजारी मुद्रांक विकणारे बशीरभाई बसतात. त्यांनी आपले दुकान तसेच टाकले, मला पाठीमागच्या भिंतीआड नेले. "बाबूजी, कुछ बोलो यार. नाही बोलत तं मान तरी हलवा," असे ते म्हणत होते. मी मान हलवली. ते गर्दीला ओरडले, "सरका बाजूले! बाबूजीले लकवा मारला वाटते!" आणि ऑटोत घालून त्यांनी मला अमरावतीस आणले.

दवाखाना

लकवा नव्हता. डोक्याचे फोटो निघाले, रक्त निघाले, सर्व स्वच्छ. वाचा संध्याकाळपर्यंत थोडी परत आली, पण मला ठेवून घेतले.

ज्याने दवाखान्यात दिवस काढले आहेत त्यास मी काय सांगावे! पण माझा त्रास सुईचा नव्हता. माझा त्रास वर लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटचा होता, फिनाइलच्या वासाचा होता, शेजारच्या खाटेवरच्या मोबाइलवर सारख्या वाजणाऱ्या गाण्याचा होता. आणि दर पाळीला नवीन सिस्टर येऊन तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारी, याचा होता. झाडू मारणाऱ्या मावशीने मला डोळ्यांवर टॉवेल घेतलेला पाहिला. विचारले काहीच नाही. झाडूच्या दांड्याने खटका वर केला, ट्यूब बंद झाली. त्या संपूर्ण मुक्कामात मला मिळालेले खरे औषध तेच, असे मी नमूद करतो.

मोठ्या डॉक्टरांनी मानसिक रोगांच्या एका डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी सांगितले की, माझा स्वभाव ताठर आहे, तो वळवावा लागेल. रोज आरशासमोर उभे राहून हसण्याचा सराव करा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यात पाहा. बोटांची चाळवाचाळव बंद करा. मला अंगठ्याने बाकीच्या बोटांची पेरे चोळण्याची सवय आहे, त्यावर त्यांचा विशेष रोख होता. मी हे सर्व निष्ठेने केले. डोळ्यात पाहू लागलो की समोरचा काय बोलला ते ऐकूच येत नसे. अर्जात जमिनीचे गट नंबर चुकू लागले. माझ्या हातून गट नंबर चुकला, ही गोष्ट आजही लिहिताना हात जड होतो.

अकोला

बशीरभाईंच्या भाचीने अकोल्यातील तेलगोटे मॅडमचे नाव सांगितले. त्या समुपदेशन करतात. बडनेऱ्याहून गाडी धरून मी आणि माझी पत्नी सुनंदा अकोल्यास गेलो.

मॅडमच्या खोलीत ट्यूब नव्हती, खिडकीचा उजेड होता. पंखा आवाज करत नव्हता. त्यांनी मला खुर्ची दाखवली नाही. "कुठं बसायला आवडेल?" असे विचारले. मी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलो. दुसरा प्रश्न असा की, "कशात बरं वाटतं तुम्हाला?" तोवर प्रत्येक डॉक्टरने मला काय दुखते तेवढेच विचारले होते. मी जुन्या सातबारांविषयी बोललो, फेरफारांविषयी बोललो, एका खातेदाराची तीन पिढ्यांची नोंद कागद न पाहता सांगितली. त्यांनी मला थांबवले नाही.

काही भेटींनंतर त्यांनी निदान सांगितले. ऑटिझम. मराठीत त्यास स्वमग्नता म्हणतात, हे ऐकताच मी हरकत घेतली. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या बांधांत आणि वारसांत बुडालेला असतो तो स्वतःत मग्न कसा? मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हरकत मंजूर. शब्द मीही बनवलेला नाही. तुमचा मेंदू वेगळ्या मांडणीचा आहे एवढंच. ते दुखणं नव्हे."

"मग मी आजारी कशाने पडलो?"

"दुसऱ्यांच्या मांडणीत आयुष्यभर बसून राहिल्यानं. थकलात तुम्ही, बाबूजी."

मला रडू आले. आनंदाचे होते की कशाचे ते मला तेव्हा सांगता आले नाही, आजही सांगता येत नाही. आतल्या भावनेला नाव द्यायला मला वेळ लागतो, हेही त्या निदानातच बसते, असे कळले.

येथवर सर्व ठीक होते. मग मॅडमनी सुनंदाला विचारले, "घरी तुम्ही यांच्यासाठी काय काय सांभाळून घेता?"

सुनंदा मोकळी झाली. तिला वाटले, चांगलेच सांगते आहे. "लगनात याहीले वेगळ्या खोलीत बसवतो आमी. खुर्ची, कूलर, पाण्याचा तांब्या. ताट तिथंच नेऊन देतो. मंडपात येऊच देत नाही बाप्पा."

या ठिकाणी वाचकास मागील हकीकत सांगणे भाग आहे. नात्यातील कोणत्याही लग्नात मला एका बाजूच्या खोलीत गादीची हाताची खुर्ची मिळे. कूलर माझ्याकडे वळवलेला असे. पंगतीत न बसवता ताट आत येई आणि वाढायला घरचा माणूस असे. ती मानाची खुर्ची होती. लिहिणारा-वाचणारा माणूस म्हणून मिळणारा तो मान आहे, असे मी समजत होतो. बशीरभाईंना मी कित्येकदा सांगितले होते की, आमच्या नात्यात मला पंगतीत बसू देत नाहीत, मान आहे.

मी सुनंदास विचारले, "येऊ देत नाही म्हणजे?"

ती गडबडली. "दिगांबरच्या लगनात तुमी जनरेटरची वायर उपटली होती न. वरात नाचून राहिली होती, बँड बंद पडला, नवरदेव घोड्यावर तसाच. तवापासून मंग..."

दिगांबर म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा साळा. त्याचे कृषी केंद्र आहे, बोलणे गोड आहे. त्याच्या वरातीत मी वायर उपटली होती, हे खरे. परंतु त्यानंतर जे लोक माझ्याजवळ येऊन "बरं केलं बाबूजी, कान किटले होते" म्हणाले, तेच पुढच्या लग्नात माझी खुर्ची आत उचलून नेत होते, हे मला ठाऊक नव्हते. सर्वांना ठाऊक होते. वाढणाऱ्या पोरींना ठाऊक होते.

परतीच्या गाडीत ती दोनदा "चहा घेता काय?" म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मूर्तिजापूर गेले, बडनेरा आले. ज्या खोलीत मला बरे वाटत होते त्याच खोलीवर आता मला राग होता, ही अडचण कोणाला सांगणार?

उपचार म्हणजे काय झाले

लोक विचारतात की मॅडमनी औषध कोणते दिले. झोपेसाठी एका डॉक्टरांनी काही दिवस गोळी दिली, बाकी औषध नाही. मला बदलण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. आरसा बंद झाला. बोटांची पेरे चोळण्यास मोकळीक मिळाली. "त्यानं तुमचं डोकं जागेवर राहतं, तर चोळा की," एवढेच त्या म्हणाल्या.

मग आम्ही माझ्या कामाचीच तपासणी केली. काय जमते, कशाने मोडते. टेबल भिंतीला लावले, पाठ सुरक्षित झाली. कानात कापूस आला. माणसे एकेक पुढे यायची, बाकीची लिंबाखाली. ही व्यवस्था बशीरभाई पाहू लागले. "बाबूजीच्या कोर्टात एकाच्या वक्ताले एकच! दुसरा आला तं मी स्टँप देणार नाही," अशी धमकी ते देत, आणि लोक ऐकत. वाचून दाखवण्याची माझी शिस्त मॅडमना सर्वांत आवडली. त्या म्हणाल्या, लोक जिला तुमचा हेका म्हणतात ती तुमची ताकद आहे. गट नंबर पुन्हा बरोबर येऊ लागले. एका वारसाच्या अर्जात तलाठ्याची चूक मी पकडली, तेव्हा बशीरभाईंनी चहा पाजला आणि म्हणाले, "तबीयत ठीक हो गयी तुमची. पुन्हा भांडून राहिले."

मॅडमनी एक कागद घरच्यांसाठीही दिला होता. त्यात चार गोष्टी होत्या, पैकी एक अशी की, गर्दी व गोंगाट शक्य तेथे टाळावा. त्या वेळी ही सूचना मला फार मायेची वाटली होती.

धारणीचा फेरा

माझी मुलगी प्राजक्ता हिला वरूडचे स्थळ आले. संत्र्याचा व्यापार करणारे घर, मुलगा शिकलेला. मला स्थळ पसंत होते. बैठकीचा दिवस ठरायचा होता, तो अद्याप ठरला नाही, असे मला सांगण्यात आले.

एक दिवस दिगांबर घरी आला. "भाऊजी, धारणीकडे तुमचं नाव झालं हाये. तिकडच्या एका गावाचा जमिनीचा अर्ज हाये, तिथल्या कोणाले जमून नाही राहिला. तुमच्या हातचाच पाहिजे म्हणतात." त्याने एका माणसाचे नाव सांगितले, तो तहसीलपाशी भेटेल म्हणाला.

माझ्या हातचाच पाहिजे, हे शब्द मला लागू पडतात, हे त्याला माहीत होते.

धारणी म्हणजे घाटापलीकडचा डोंगरी तालुका, जाऊन येण्यात दिवस जातो. मी पहाटेच्या एसटीने निघालो. परतवाड्यापुढे घाट लागला, रस्ता उखडलेला, वळणावळणाला पोट ढवळत होते. समोरच्या जीपच्या टपावरही माणसे बसलेली होती. मी पिशवीत कोरे कागद, टाक, शाईचा पॅड सर्व घेतले होते. धारणीत उतरून विचारले. त्या नावाचा माणूस कोणास माहीत नव्हता. तहसीलबाहेर एक म्हातारे अर्जनवीस बसले होते. त्यांनी मला बाकावर बसवले, चहा मागवला, नाव पुन्हा विचारले आणि मान हलवली.

"अशा नावाचा माणूस इकडे नाही भाऊ. कोणी पाठवलं तुमाले?"

"माझ्या साळ्याने."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "घरी आज काही कार्यक्रम तं नाही न तुमच्या?"

मी नाही म्हणालो. मला तसेच माहीत होते.

घरी पोचलो तेव्हा ओसरीवर सतरंज्या अजून गुंडाळायच्या होत्या. तबकात फोडलेली सुपारी होती. संत्रा बर्फीचा रिकामा डबा होता. खुर्च्यांमध्ये मधोमध आमच्या घरातील एकमेव गादीची खुर्ची ठेवलेली होती आणि तिच्यावर दिगांबर बसला होता.

मी पिशवी खाली ठेवली नाही. "बैठक झाली?"

"झाली भाऊजी, झकास झाली. साक्षगंधाचंही ठरलं. पेढा घ्या."

"बापाच्या जागी कोण बसले?"

दिगांबर त्या खुर्चीतून उठला. मग तोच म्हणाला, "वरूडवाल्याहीले सांगतलं, भाऊजी सरकारी कामानं धारणीले गेले म्हणून. अन् मॅडमनंच लिहून देलं न, गर्दी टाळा? तुमच्या तब्येतीसाठीच केलं न बाप्पा सगळं. उलटं आमच्यावरच राग!"

घाटातील वळणे, उन्हाचा प्रवास, तो खोटा माणूस, हे मी सहन केले असते. परंतु जे शब्द मला उभे करण्यासाठी लिहिले होते, तेच घेऊन त्यांनी मला घराबाहेर काढले. मी सुनंदाकडे पाहिले. ती पदर तोंडाला लावून उभी होती. "तुमी काही बोलून गेले असते तं? खरं ते तोंडावर बोलता तुमी. पोरीचं मोडलं असतं तं मी कोठी जाऊ?"

मी प्राजक्तास विचारले, "तुला ठाऊक होते?"

ती म्हणाली, "हो बाबा." खोटे बोलली नाही, एवढे तिने माझे घेतले आहे.

मॅडमकडे

पुढच्या भेटीत मी मॅडमना म्हणालो की, तुमचा कागद परत घ्या. त्यांनी सर्व ऐकले. त्यांचा चेहरा उतरला. मला चेहरे वाचता येत नाहीत, पण तो आला. "गर्दी टाळायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं होतं," त्या म्हणाल्या. "ते मी लिहायला हवं होतं. मला ते सांगण्याची गरज वाटली नाही."

मी त्यांना म्हणालो, "मॅडम, वीस-पंचवीस वर्षे या लोकांनी माझ्या वतीने अर्ज लिहिला आहे. माझा अंगठा घेतला आहे. वाचून कोणीच दाखवला नाही."

 मग त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिले. मी खाली एक ओळ लिहिली : वरील सर्व मला विचारूनच. आणि सही केली.

घरी येऊन मी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. दिगांबर होता, सुनंदा होती. मग प्राजक्तास एकटीला बोलावून विचारले, "तुझ्या सासरी माझ्याविषयी खरे सांगू काय? मला लपून राहायचे नाही. पण लग्न तुझे आहे."

ती म्हणाली, "लगन होऊ द्या बाबा. मंग मीच सांगीन."

मला ते आवडले नाही. हाही एक प्रकारचा धारणीचा फेराच होता. परंतु अर्ज तिचा होता. मी 'बरोबर' म्हणालो आणि शब्द पाळला.

खुर्ची

लग्न अमरावतीच्या एका कार्यालयात झाले. मी सकाळीच जाऊन पाहिले. वधूपक्षाच्या मागच्या खोलीत गादीची खुर्ची मांडून ठेवलेली होती, कूलर तिच्याकडे वळवलेला. मी ती उचलली, मंडपात आणली आणि भोंग्यापासून सर्वांत दूरच्या खांबाला पाठ लावून ठेवली.

दिगांबर धावत आला. "भाऊजी, आत बसा न. इथं तुमाले त्रास होईन."

"होईल. सहन होईनासा झाला की मी जाईन. तू खुर्चीला हात लावू नको."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकायले धारणीले पाठव," असे बशीरभाई मागून म्हणाले. ते सकाळपासून माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दिगांबर निघून गेला.

कानात कापूस घालून मी कन्यादान केले. भटजी घाई करत होते, पण एकही विधी मी वगळू दिला नाही. नंतर व्याही शेजारी येऊन बसले, मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. सुनंदा, दिगांबर, सारे जवळच होते. व्याह्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि विचारले, "व्याहीबुवा, बैठकीच्या दिवशी तुमी धारणीले गेले होते न? झालं काय ते काम?"

सुनंदाच्या हातातील पानाचे तबक वाजले. प्राजक्ता स्टेजवरून माझ्याकडे पाहत होती. मला खोटे बोलता येत नाही; शब्द जुळतच नाहीत.

"नाही झाले," मी म्हणालो. "तिथे काम नव्हतेच. मला उगाच पाठवले होते."

व्याही मोठ्याने हसले. "सरकारी काम असंच अस्ते बुवा! मलेही असेच फेरे मारायले लावतात." आणि ते पान घेऊन उठले.

दिगांबरने सोडलेला श्वास मला कापसातूनही ऐकू आला. पुढे येऊन त्याने माझा हात दाबला. "भाऊजी, वाचवलं तुमी." मी हात सोडवून घेतला. मी कोणाला वाचवले नव्हते. मी खरे बोललो होतो, ते कोणाला कळले नाही, एवढेच. आणि आयुष्यात प्रथमच मी एक चुकीचा समज दुरुस्त न करता तसाच जाऊ दिला. तो प्राजक्तासाठी. दिगांबरसाठी नव्हे.

मग बँड आला. कापूस पुरेना, खांब पुरेना. पेरे चोळून चोळून लाल झाली. बशीरभाई म्हणाले, "चलता काय?" मी उठलो, खुर्ची स्वतः उचलली, मागच्या खोलीत दाराशी नेऊन ठेवली आणि बसलो. तीच खोली, तोच कूलर. बरे वाटले. ते बरे वाटणे तरी आता माझे होते.

थोड्या वेळाने दारात सुनंदा आली, तशी मी दार लावण्यासाठी हात उचलला. हातात ताट होते. इतकी वर्षे ती सरळ आत येऊन ताट ठेवत असे. आज उंबऱ्याशी थांबली.

"येऊ काय आत?"

धारणीचा घाट माझ्या पोटात अजून होता, तो आजही आहे. मी हो म्हणालो नाही. परंतु तिने विचारले होते, म्हणून दार लावण्यासाठी उचललेला हात मी खाली घेतला.